धोटा कुणी पाहिला होता?

ठाण्याहून बाळकुम नाका मागे टाकून कशेळीच्या पुलावरून भिवंडीकडे निघालं की ओळीने गावं लागतात. कशेळी, काल्हेर, पूर्णा, राहनाळ आणि मग अंजूरफाटा. गावं म्हणायची खरी, पण रस्त्यावरून डोळ्यांत भरतात ती गोदामं. पत्र्याच्या छपरांची, एकाला एक चिकटलेली, दारात कंटेनर उभे. मुंबईत बसून आपण ऑनलाइन मागवलेली कढई, मोबाइलचं कव्हर, बाळाचे डायपर यातलं बरंचसं पूर्णा किंवा शेजारच्या गावातल्या कुठल्यातरी रॅकवरून उचललेलं असतं. अंजूरफाट्याच्या पुढे शहरात शिरलं की आवाज बदलतो. खटाखट, खटाखट, खटाखट. एक यंत्रमाग नाही, शेडच्या शेड.

आता भिवंडी आणि डिझाइन हे दोन शब्द सहसा कुणी एका वाक्यात वापरत नाही. डिझाइन म्हटलं की आपल्याला पवईची आयआयटी आठवते, अहमदाबादचं एनआयडी आठवतं, नाहीतर हातातला फोन आठवतो. भिवंडी म्हटलं की खड्डे आणि ट्रॅफिक. पण 'क्रिएटिव्हिटी येते तरी कुठून?' या प्रश्नाचं मला पटलेलं उत्तर याच खटाखटीच्या इतिहासात आहे. मॅनेजमेंटच्या पुस्तकांत सांगतात तसं 'चौकटीबाहेर विचार करा' छापाचं ते उत्तर नाही. उलट मागाच्या चौकटीला नाक लावून बसलेल्या माणसांचं आहे.

आधी माग म्हणजे काय ते दोन मिनिटांत. कापडात उभे धागे असतात, त्यांना ताणा म्हणतात. आडवा धागा म्हणजे बाणा. विणताना काही उभे धागे वर उचलायचे, बाकीचे खाली ठेवायचे आणि मधल्या फटीतून बाणा भरलेला धोटा इकडून तिकडे फेकायचा. मग फणीने तो आडवा धागा आधीच्या कापडाला ठोकून बसवायचा. आता दुसरे धागे उचलायचे आणि धोटा परत. झालं. उचला, फेका, ठोका. पैठणीपासून गाळणीच्या फडक्यापर्यंत सगळं कापड या तीन क्रियांत होतं. साधं वाटतं ना? पहिला यंत्रमाग ज्याने बनवला त्यालाही ते असंच साधं वाटलं होतं :)

हा गृहस्थ म्हणजे एडमंड कार्टराइट. इंग्लंडमधला चर्चचा धर्मोपदेशक, ऑक्सफर्डला शिकलेला, कविता करणारा. १७८४ च्या उन्हाळ्यात मॅटलॉक नावाच्या गावी मँचेस्टरच्या काही मंडळींशी त्याच्या गप्पा चालल्या होत्या. विषय होता आर्कराइटच्या सूतगिरण्यांचा. सूत इतकं निघणार की ते विणायला माणसं पुरणार नाहीत, असं कुणीतरी म्हणालं. कार्टराइट म्हणाला, मग विणणारं यंत्रही बनवायला हवं. मँचेस्टरवाल्यांनी एकमुखाने सांगितलं की ते अशक्य आहे. ही धंद्यातली माणसं होती, त्यांना विणकाम माहीत होतं. कार्टराइटला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याने प्रतिवाद केला की लंडनमध्ये हल्लीच बुद्धिबळ खेळणारं यंत्र दाखवत होते, ते जमतं तर विणणं का जमू नये?

आणि त्याने खरंच माग बनवला. पुढच्या वर्षी, १७८५ मध्ये, पेटंटही घेतलं. तोवर त्याने कुणाला विणताना पाहिलंच नव्हतं. हे त्याने स्वतःच नंतर लिहून ठेवलं आहे. त्या पहिल्या यंत्राची फणी इतकी जड होती की पंचवीसेक किलोचं वजन आपटावं तशी ती पडायची. स्प्रिंगा अशा की रॉकेट उडवावं. ते चालवायला दोन धट्टेकट्टे पुरुष लागत आणि तेही थोड्याच वेळात दमत. पेटंट खिशात पडल्यावर स्वारी विणकर कसे विणतात ते बघायला गेली आणि चाट पडली. माणसाच्या हाताखाली तेच काम किती हलकं होतं!

आपल्या धंद्यातल्या लोकांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. रिक्वायरमेंट नाही, युजर पाहिलेला नाही, पण आर्किटेक्चर तयार आहे आणि डेमोही झालाय.

पण कार्टराइटला नुसतं हसून सोडता येत नाही. धंद्यातले सगळे जाणकार 'अशक्य' म्हणत असताना यंत्र होऊ शकतं हे म्हणण्याची हिंमत बाहेरच्या माणसातच होती. अज्ञानाचा हा एक फायदा असतोच. प्रश्न पुढचा आहे. कल्पना सुचणं आणि तिचं चांगलं डिझाइन होणं यात किती अंतर असतं? मागाच्या बाबतीत ते साधारण ५० ते ६० वर्षांचं होतं. कार्टराइटचा कारखाना फार काळ चालला नाही. मँचेस्टरला त्याचे माग लावलेली ग्रिमशॉ यांची गिरणी जळाली, ती विणकरांनी जाळली असं मानतात. मग हॉरॉक्सने सुधारणा केल्या, १८२२ मध्ये रिचर्ड रॉबर्ट्सने लोखंडी माग नीट घडवला आणि १८४२ मध्ये केनवर्दी आणि बुलो यांच्या सुधारणांनंतर 'लँकेशायर लूम' तयार झाला. आडवा धागा तुटला की थांबणारा, एका माणसाला एकाहून जास्त सांभाळता येणारा. या सुधारणा करणारे बहुतेक जण गिरणीच्या आणि यंत्रशाळेच्या धुळीतलेच होते.

आणि ते बुद्धिबळाचं यंत्र? 'तुर्क' असं त्याचं नाव. केंपेलेन नावाच्या माणसाने १७७० मध्ये व्हिएन्नाच्या दरबारात ते पहिल्यांदा दाखवलं. ते चक्क खोटं होतं! आत एक खेळाडू दडून बसायचा. म्हणजे ज्या उदाहरणावर विसंबून कार्टराइट यंत्रमागाकडे वळला, त्या यंत्राच्या पोटात माणूस होता. पुढे २००५ मध्ये अॅमेझॉनने माणसांकडून छोटीछोटी कामं करून घेणाऱ्या आपल्या सेवेला याच तुर्काचं नाव दिलं. पूर्णाच्या रस्त्याने जाताना मला हे नाव हटकून आठवतं. स्क्रीनवर 'ऑर्डर पाठवली आहे' इतकंच दिसतं. पोटातला माणूस दिसत नाही.

त्याच शतकात, पण फ्रान्समध्ये, मागाच्या दुसऱ्या एका कटकटीवर काम चाललं होतं. साधं कापड विणायला धागे दोनच गटांत उचलावे लागतात. पण कापडात फूल, मोर किंवा वेल हवी असेल तर दर ओळीला वेगळे धागे उचलावे लागतात, शेकडो धाग्यांमधून नेमके निवडून. ही निवड करायला मागाशी दुसरा माणूस लागायचा, बहुधा लहान पोर. विणकर सांगेल तशा दोऱ्यांच्या जुड्या त्याने ओढायच्या, दिवसभर. फ्रान्समधल्या लिआँ शहरातले रेशमी माग असेच चालत. आपल्याकडे बनारसला आणि औरंगाबादच्या हिमरूच्या मागांवरही हीच पद्धत होती. त्यात नक्षी आधी दोऱ्यांच्या जाळ्यात बांधून ठेवत, त्याला 'जाला' म्हणत. नक्षीचा प्रोग्रॅमच तो, फक्त दोऱ्यात बांधलेला. तो बांधणारा कारागीर वेगळा असे आणि त्याला मान असे. दोऱ्या ओढणाऱ्या पोराला मात्र कुणी विचारत नसे.

लिआँमध्ये १७२५ मध्ये बासिल बूशाँ नावाच्या माणसाने या ओढाओढीवर एक तोड काढली. त्याचे वडील ऑर्गन बनवत. आपोआप वाजणाऱ्या ऑर्गनच्या पिंपावर खिळे ठोकायचे असतात. ते कुठे ठोकायचे याच्या खुणा आधी कागदावर करत आणि तो कागद पिंपाला गुंडाळत. बूशाँच्या घरात असे कागद पडलेलेच असणार. त्याच्या मनात आलं, सुरासाठी जशा खुणा केल्या तशी धाग्यासाठी कागदाला भोकं पाडली तर? भोक असेल तो धागा उचलायचा, नसेल तो सोडायचा. १७२८ मध्ये फाल्कोंने लांब कागदाऐवजी एकमेकांना बांधलेली पुठ्ठ्याची कार्डं आणली, म्हणजे एक फाटलं तर तेवढंच बदलायचं. १७४५ मध्ये व्होकान्सोंने तेच तत्त्व वापरून जवळजवळ स्वयंचलित माग केला. हा व्होकान्सों कोण? तर दाणे खाणारं यांत्रिक बदक आणि बासरी वाजवणारा पुतळा करून पॅरिसला वेड लावणारा खेळणीवाला! त्याच्या मागाकडे कुणी फारसं ढुंकून पाहिलं नाही आणि तो पॅरिसच्या संग्रहालयात धूळ खात पडला.

तिथे तो सापडला जोसेफ मारी जाकारला. हा लिआँच्या विणकराचा मुलगा. संग्रहालयातलं ते मोडकं यंत्र त्याने अभ्यासलं. बूशाँची भोकं, फाल्कोंची कार्डं आणि व्होकान्सोंची यंत्रणा एकत्र आणली आणि १८०४ च्या सुमारास आपला माग उभा केला. दोऱ्या ओढणाऱ्या पोराची गरज संपली. एकटा विणकर मोर विणू लागला. तरी काही अडचणी राहिल्या होत्याच. कार्डं पुढे सरकवणारी यंत्रणा ब्रेतों नावाच्या कारागिराने पुढच्या दहाएक वर्षांत दुरुस्त केली, तेव्हा कुठे हा माग सगळीकडे पसरला. आपल्या सोलापुरी चादरीवरचा मोर अशाच कार्डांवर विणला गेला.

आता हिशोब करा. जाकारचं नाव मागाला मिळालं, पण यात 'नवीन' नेमकं कुणाचं होतं? भोकं ऑर्गनवाल्याच्या पोराची, कार्डं दुसऱ्याची, यंत्रणा खेळणीवाल्याची. जाकारने काय केलं? ज्या कामाचा त्रास त्याने जन्मापासून पाहिला होता, त्यासाठी हे तुकडे जुळवले. माझ्या मते क्रिएटिव्हिटी म्हणजे बव्हंशी एवढंच असतं. एका बाजूला कामाचा नेमका त्रास माहीत असलेला माणूस, दुसऱ्या बाजूला शेजारच्या धंद्यातून उसनी आणलेली वस्तू. दोन्ही एका डोक्यात आले की ठिणगी पडते. त्रास माहीत आणि उसनवारी नाही, तर माणूस आयुष्यभर तेच सोसत बसतो. उसनवारी आहे पण त्रास माहीत नाही, तर कार्टराइटची २५ किलोची फणी होते.

यानंतरची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी कॉलेजात ऐकलेली असते, म्हणून भराभर सांगतो. चार्ल्स बॅबेजने १८३० च्या दशकात आपल्या अॅनालिटिकल इंजिनासाठी जाकारची कार्डं उसनी घेतली. त्याच्याकडे जाकारचं रेशमात विणलेलं एक चित्र होतं. त्यासाठी सुमारे २४,००० कार्डं लागली होती आणि पाहणाऱ्याला ते छापील चित्रच वाटायचं. एडा लव्हलेसने १८४३ च्या आपल्या टिपणांत हे इंजिन आणि फुलं-पानं विणणारा माग यांचं नातं स्पष्ट सांगितलं. पुढे अमेरिकेत हर्मन हॉलेरिथने १८९० च्या जनगणनेसाठी कार्डं वापरली. त्याला आठवण झाली ती रेल्वेच्या कंडक्टरची. तिकिटं चोरीला जाऊ नयेत म्हणून कंडक्टर तिकिटाच्या कडेला प्रवाशाचं वर्णन भोकांनी टिपायचा. केस कसे, डोळे कसे, नाक कसं. हॉलेरिथची कंपनी इतर कंपन्यांत विलीन होऊन १९२४ मध्ये आयबीएम झाली. ऑर्गन, माग, गणित, रेल्वेचं तिकीट आणि शेवटी आपला पगार!

पण मला जास्त आवडते ती जपानची गोष्ट, कारण ती कार्टराइटच्या नेमकी उलटी आहे.

साकिची तोयोदा १८६७ मध्ये एका खेड्यात जन्मला. वडील सुतार. घरोघरी बायका हातमागावर विणत, त्याची आईसुद्धा. एका हाताने धोटा फेकायचा, दुसऱ्या हाताने पकडायचा, मग फणी ठोकायची. पोरगा ते बघत मोठा झाला. त्याने पहिलं काम केलं ते छोटंसं होतं. १८९० मध्ये त्याने लाकडी हातमाग असा बदलला की एकाच हाताने काम भागावं. वाफेवर चालणारा माग त्याने नंतर, १८९६ मध्ये केला. पुढे २८ वर्षं तो एकच कटकट सोडवत राहिला. धागा तुटला आणि माग तसाच चालू राहिला तर पुढचं सगळं कापड खराब होतं. म्हणून एक माणूस सतत पहाऱ्याला उभा लागतो. १९२४ च्या त्याच्या 'जी टाइप' मागात उभा किंवा आडवा, कुठलाही धागा तुटला की यंत्र स्वतः थांबायचं आणि बाणा संपत आला की न थांबता नवा धोटा आत घ्यायचं. पहाऱ्याची गरज संपली. एक कामगार ३० माग बघू शकायचा. १९२९ मध्ये लँकेशायरच्या प्लॅट ब्रदर्सने, म्हणजे जगाला माग विकणाऱ्या कंपनीने, या मागाचे हक्क १ लाख पौंडांना विकत घेतले. त्याच सुमारास मुलगा किइचिरोने मोटारींच्या कामाला हात घातला आणि १९३७ मध्ये टोयोटा मोटर कंपनी निघाली.

चूक झाली की यंत्राने स्वतः थांबायचं, या तत्त्वाला तिथे 'जिदोका' म्हणतात. जपानी लिपीत 'स्वयंचलित' या शब्दातल्या एका अक्षराला त्यांनी माणसाचं चिन्ह जोडलं. यंत्र आपोआप चालतं, पण त्यात माणसाची अक्कल घातलेली आहे असा त्याचा अर्थ. ताइची ओहनो हा माणूस मोटारींकडे येण्याआधी तोयोदांच्या कापडाच्या कंपनीतच होता. त्याने या विचारावर टोयोटाची उत्पादनपद्धत उभारली आणि त्यात अमेरिकन सुपरमार्केटची कल्पना उसनी आणली. गिऱ्हाइकाने माल उचलला की तेवढाच परत भरायचा आणि तसं सांगणारी पाटी मागे पाठवायची. पाटीला जपानीत म्हणतात 'कानबान'. आपल्या ऑफिसातल्या फळीवर जे रंगीत चिकटकागद असतात ना, तेच. बिल्ड फुटलं की पुढचं सगळं थांबवायचं हा आपला नियमही त्याच घराण्यातला. एका सुताराच्या पोराने आईच्या हातांकडे नीट पाहिलं, तिथून हे सुरू झालं.

आपल्याकडे असं कुणी केलंच नाही असं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये ड्रॉइंग शिकवत. आधी जे. जे. त चित्रकला शिकायला गेले, पण रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले. पुढे बेळगावला सायकलचं दुकान टाकलं. १९०३ च्या सुमारास त्यांनी लोखंडी नांगर बनवला तर शेतकरी घेईनात. लोखंडाने जमिनीत विष भिनतं, अशी समजूत होती. लक्ष्मणराव ऑफिसात बसून जाहिरात करत राहिले नाहीत. शेतकऱ्यांना भेटत राहिले, त्यांचं ऐकून नांगर बदलत राहिले. पहिले नांगर विकायला दोन वर्षं लागली. तो नांगर खपला म्हणून पुढे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. दुसरीकडे इचलकरंजीत १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी यंत्रमाग बसवला, संस्थानिकांनी पाठिंबा दिला आणि माग चालवणारं, दुरुस्त करणारं, सुटे भाग ओतणारं असं अख्खं गाव त्यातून उभं राहिलं.

मग भिवंडीत काय झालं? कसबी माणसांचा तोटा होता का? मुळीच नाही. १८५७ च्या बंडानंतर उत्तरेतली मोमीन विणकर कुटुंबं घरदार सोडून दक्षिणेकडे आली आणि मालेगाव, भिवंडी, मुंबईच्या मदनपुऱ्यात स्थिरावली. पिढीजात हातमागवाले. विसाव्या शतकात वीज आली तसे हातमाग जाऊन यंत्रमाग आले. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि गिरणगाव त्यातून परत कधी सावरलं नाही. कापड मात्र विणलं जायचं थांबलं नाही, ते भिवंडीसारख्या गावांकडे सरकलं. गिरण्यांनी मोडीत काढलेले जुने साचेही इकडे आले. (गिरणीत मागाला साचा म्हणत आणि विणकाम खात्याला साचेखातं.) म्हणजे १८४२ च्या लँकेशायर लूमचाच वंश, आधी परळच्या गिरणीत आणि मग भिवंडीच्या शेडमध्ये.

आणि तो चालत राहिला, हेच मला थक्क करतं. मूळ कंपनीचे सुटे भाग मिळेनासे झाले तेव्हा भिवंडीतल्या जॉबर मंडळींनी लेथवर आणि भट्टीत ते करून घेतले. (जॉबर म्हणजे माग लावणारा, बिघडला की सुधारणारा.) धोट्याला टोला देणारा भाग पूर्वी म्हशीच्या कातड्याचा असे, तो पुढे प्लास्टिकचा आला. शेडच्या उतारापासून सुताच्या जाडीपर्यंत सगळ्याशी जुळवून घेत ही यंत्रं पळवली गेली. मागाचा आवाज ऐकून 'तिसऱ्याची फणी ढिली झालीय' असं सांगणारे लोक यात आहेत. हे ज्ञान कुठल्याही मॅन्युअलमध्ये नाही.

मग हाताशी इतकं ज्ञान असताना तोयोदासारखा नवा माग इथून का निघाला नाही? 'आपल्या लोकांत क्रिएटिव्हिटीच नाही' हे उत्तर फार सोपं आहे आणि चुकीचं आहे. त्रास माहीत असलेली माणसं इथे हजारोंनी होती. पण धंद्याची रचना बघा. सूत व्यापाऱ्याचं. कापड कुठलं विणायचं, एका इंचात किती धागे बसवायचे, हेही व्यापारी ठरवणार. शेडचा मालक मजुरीवर विणून देणार, तीही विणलेल्या धाग्यांच्या हिशोबाने. शेडमधला कामगार १२ तासांच्या पाळीत ४, ६, कधी ८ माग सांभाळणार आणि त्याला पैसे मीटरवर. कारखान्याचे कायदे लागू नयेत म्हणून कागदावर युनिटं लहान लहान. या साखळीत माग थांबवून 'हे असं का होतं' असं विचारायला कुणाला परवडतं? माग थांबला की कामगाराची मजुरी थांबते. साकिचीचा माग चूक दिसली की थांबायचा. भिवंडीच्या कामगाराला चूक दिसली तरी थांबणं महागात पडतं.

म्हणजे ठिणगीसाठी त्रास आणि उसनवारी या दोन गोष्टी लागतात असं मी वर म्हणालो, त्यात तिसरी जोडायला हवी. थांबायची मुभा. कार्टराइटकडे ती भरपूर होती, धोटा मात्र पाहिलेला नव्हता. भिवंडीच्या विणकराचा जन्म धोट्याजवळ गेला, पण त्याला मुभा नव्हती. जाकार आणि तोयोदा ही दुर्मिळ माणसं, कारण त्यांच्याकडे दोन्ही होतं.

हे फक्त मागापुरतं असतं तर मी रविवारची सकाळ यात घालवली नसती. कामानिमित्त मी पूर्णाच्या बाजूला गोदामांत जातो. एका गोदामात माल उचलणाऱ्या पोरांनी रॅकच्या खांबांना वेगवेगळ्या रंगांच्या चिंध्या बांधल्या होत्या. विचारलं तर म्हणाले, 'सर, लाल म्हणजे रोज लागणारा माल, हिरवा म्हणजे आठवड्यातून एकदा. मशीन नंबर दाखवतं, पण लांबून नंबर दिसत नाही. चिंधी दिसते.' कुणी सांगितलं नव्हतं, कुठल्या मीटिंगमध्ये ठरलं नव्हतं. बूशाँची भोकं आणि या चिंध्या यांची जात एकच आहे. फरक इतकाच की पुढच्या ऑडिटला कुणीतरी त्या काढायला लावणार, कारण त्या प्रोसेसमध्ये बसत नाहीत. आणि ती पोरं कंत्राटी. आज इथे आहेत, पुढच्या महिन्यात दुसऱ्या गोदामात.

चांगलं डिझाइन सुंदर दिसतं की नाही हा मुद्दा माझ्या लेखी दुय्यम आहे. त्याने कुणाचं ओझं हलकं झालं, हे आधी बघावं. जाकारच्या मागाने पोराचे हात सोडवले. साकिचीच्या मागाने पहारेकऱ्याची नजर सोडवली. अर्थात सुटलेल्या हातांचं आणि नजरेचं पुढे काय होतं, हा प्रश्न यंत्र सोडवत नाही. लिआँच्या विणकरांनी १८३१ मध्ये मजुरीच्या दरांसाठी उठाव केलाच. एका माणसाने ३० माग सांभाळले तर बाकीच्यांनी जायचं कुठे, हा हिशोब डिझाइनच्या कागदावर लिहिलेला नसतो. तो आपण लिहायला शिकलो तर बरं. सध्या गोदामांत रोबो आणायच्या गप्पा जोरात आहेत, म्हणून म्हणतो.

भिवंडीतले बरेच माग गेल्या काही वर्षांत भंगारात गेले. विजेचं बिल, सुताचे चढे भाव, स्वस्त आयात कापड, कारणं बरीच आहेत. ज्या जागेत माग होते तिथे गोदामाचं भाडं जास्त सुटतं, हेही आहे. मागाचं लोखंड किलोवर जातं. जॉबरच्या कानातलं ज्ञान मात्र कुणी किलोवरही घेत नाही, ते त्याच्याबरोबर गावाला निघून जातं. आपल्यातल्या कुणाला कधी डिझाइनची प्रेरणा वगैरे शोधायला बाहेर पडावंसं वाटलं, तर लांब जायची गरज नाही. अंजूरफाट्याच्या पुढे अजून आवाज येतोय. एखाद्या शेडच्या दारात परवानगी घेऊन तासभर उभं राहावं, जॉबरला चहा पाजावा आणि फक्त एक प्रश्न विचारावा: 'चाचा, यातलं काय बदलायला मिळालं तर पहिलं काय बदलाल?'

उत्तर लगेच येईल. आजवर त्याला हे कुणी विचारलेलंच नसतं, एवढंच.